दगड चाटणारे देवसरकर सर

१९९० साल. देवसरकर सर तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते आणि माझ्या घरच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहायला आले. सामान म्हणजे एक वळकटी, एक लोखंडी पेटी आणि एक पोतं. वळकटी न् पेटी त्यांनीच उतरवली. पोत्याला मी हात घातला तर पोतं जागचं हललं नाही.

"काय मास्तर, गहू आणले का सोबत?"

"नाही, दगड आहेत."

"आमच्या गावात दगडाला तोटा हाय व्हय?"

"हे तुमच्या गावातले नाहीत ना," असं म्हणाले आणि पोतं एका बाजूनं स्वतः धरलं. मी दुसऱ्या बाजूनं. अशी आमची वळख झाली.

आमचं गाव शिरड शहापूरच्या बाजारापासून पायी जाण्याइतक्या अंतरावर. तेव्हा जिल्हा परभणी होता, हिंगोली नंतर झाला. मी स्वतः चौथीपर्यंत शिकलो, पुढची शाळा बापाच्या शेरडांमागं झाली. कमी शिकलो म्हणून कुणापुढं मान खाली घातली नाही, आणि हे जे लिहून राहिलो ते बी कुणाकडून दुरुस्त करून घेणार नाही. जसं आठवतं तसं लिहितो.

सर हायस्कूलवर भूगोल शिकवायचे. उंचीनं बेताचे, पायात कायम चपला, अंगात पांढरा सदरा. सदऱ्याचे दोन्ही खिसे दगडांनी ओघळलेले. सुई-दोरा जवळच असायचा, पण खिसा शिवला की दुसऱ्या दिवशी त्यात पुन्हा दगड. रस्त्यानं चालता चालता मधेच बसायचे, दगड उचलायचे, उलटा-पालटा करायचे आणि जिभेनं चाटायचे. ओला केला की दगडाचा खरा रंग दिसतो, हे त्यांचं म्हणणं. पाणी जवळ नसलं तर जीभ. पहिल्या महिन्यातच गावभर झालं की नवा मास्तर दगड चाटतो. आमची मंडळी एकदा तोंडावरच बोलली, "सर, कालवणात मीठ कमी पडत असंल तर सांगत जा. दगडं कशाला चाटता?" सर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

घाई हा प्रकार त्यांच्या जवळ नव्हता. वसमतची एसटी डोळ्यांदेखत निघून गेली तर म्हणायचे, "घाई कुणाला आहे?" आम्हाला होती! पण त्यांचा हिशेब लाखा-कोटी वर्षांचा. एकदा माझी शेळी अडली होती, मी घामाघूम, तर हे शेजारी उभं राहून म्हणाले, "नामदेवराव, घाई करू नका." त्या दिवशी मी त्यांना मास्तर म्हणून सोडलं, दुसरा कुणी असता तर हाकलला असता. करडू नीट निघालं, ती गोष्ट वेगळी.

माझ्या आटलेल्या विहिरीत उतरायचा हट्ट त्यांनीच धरला. मी दोर धरला, ते खाली. अर्ध्यात थांबून हाक मारली, "नामदेवराव, इथं तांबडी पट्टी दिसते का तुम्हाला?" दिसत होती. गेरूसारखी, भिंतीत आडवी. ती पट्टी मी जन्मापासून बघितलेली, पण तिच्याकडं असं कधी बघितलं नव्हतं. सर म्हणाले, "खालचा काळा दगड म्हणजे एक पूर. वितळलेल्या दगडाचा. तो आला, पसरला, थंड झाला. मग कितीतरी काळ काहीच आलं नाही. ऊन-पावसानं त्याच्या पाठीची माती झाली. ती ही तांबडी. मग वरचा पूर आला आणि त्यानं माती भाजून काढली, वीट भाजतो तशी."

मी वरून म्हणालो, "आन् पाणी कुठं हाय ते सांगा."

"ते आज नाही सांगता येत."

"मंग या वर."

आले. खिशात तांबडी माती भरून.

सरांच्या मंडळी नांदेडला नोकरीला. शनिवारी सर जायचे, सोमवारी यायचे. बाकीचे दिवस स्टोवर हातानं स्वैपाक. स्वैपाक त्यांना येत नव्हता, पण ते कबूल करत नसत. एकदा सांजच्याला त्यांच्या खोलीतून "अगाई गं" असं ऐकू आलं. आम्ही दोघं धावलो. स्टोवर पिठलं होतं. पीठ इतकं टाकलेलं की चमचा उभा राहावा. ते पिठलं भुकभुक करून राहिलं होतं आणि त्यातला एक गोळा उडून सरांच्या मनगटावर बसला होता. कातडी लाल. मंडळीनं थंड पाणी ओतलं आणि वर सुनावलं, "एवढं शिकून पिठलं जमंना!"

सरांचं मनगटाकडं लक्षच नव्हतं. ते पिठल्याकडं बघत होते, आणि चेहऱ्यावर असं काही की जसं पोरगं झाल्याची बातमी आली. म्हणाले, "वहिनी, उद्या तुमचं अंगण देता का? दोन चुली मांडायच्यात."

दुसऱ्या दिवशी अख्खी नववी आमच्या अंगणात. एका चुलीवर डाळीचा पातळ कट, दुसरीवर पिठलं. सर मधे उभे. म्हणाले, "जमिनीच्या पोटात दगड वितळतो. त्याचा रस होतो. त्या रसात वायू असतो, सोड्याच्या बाटलीत असतो तसा. आता ह्या कटाकडं बघा. पातळ आहे. बुडबुडा खालून आला, वर फुटला, गेला. कुणाला तकलीफ नाही. रस असा पातळ असला की तो ओतल्यासारखा वाहतो, लांबवर पसरतो. आता वहिनी, तिकडं पीठ वाढवा."

मंडळीनं पीठ भुरभुरलं, घोटलं. थोड्या वेळात भक्कन् आवाज आला आणि पुढं बसलेल्या पोरी किंचाळून मागं सरकल्या.

"हा घट्ट रस. बुडबुडा ह्यात अडकतो. वर यायला बघतो, वाट मिळत नाही. मागून दुसरे येतात. कोंडतात, कोंडतात, आणि मग डोंगराचं टोपण घेऊन उडतात. पातळ रसाचा ज्वालामुखी वाहतो. घट्ट रसाचा फुटतो."

एका पोरीनं विचारलं की रस घट्ट होतो कशानं. सर म्हणाले, गारगोटीत, वाळूत जो अंश असतो तो ज्या रसात जास्त, तो रस घट्ट. आणि रस जितका निवत जाईल तितका आणखी घट्ट.

"पिठल्याचं बी तसंच हाय," मंडळी म्हणाली, "निवलं की वड्या पडतात."

"बराबर वहिनी! तुम्ही घ्या तास."

मग त्यांनी आमच्या गावाच्या उत्तरेच्या टेकड्या दाखवल्या. टेकड्यांना पायऱ्या पायऱ्या आहेत, ते आम्ही रोज बघतो. म्हणाले, एक एक पायरी म्हणजे एक एक पूर. आपल्याकडचा रस पातळ होता. भेगांतून आला, पसरला, थरावर थर. मंडळीनं विचारलं, "मंग तवाची मान्सं वाचली का?"

"तेव्हा माणूस नव्हता वहिनी."

"मंग एवढं सगळं कुणासाठी ओतलं?"

  सरांनी हसून तो प्रश्न बाजूला ठेवला आणि छातीवर हात मारून बोलले, "पोरांनो, आपला मुलूख हा असा शांत. ज्वालामुखी कधीच विझला. भूकंपाचं तर नावच नको, आपला खडक जुना, पक्का. निवांत झोपा."

हे वाक्य ते दरवर्षी बोलत. पुस्तकात तसंच होतं म्हणे. पण पुस्तक छातीवर हात मारत नाही.

१९९३ ला गणपती बोळवून गाव झोपलं आणि किल्लारीकडं भूकंप झाला. आमच्याकडं उतरंडी पडल्या, दोन भिंतींना भेगा गेल्या, माणूस कुणी दगावलं नाही. पण तिकडच्या बातम्या आल्या. आमच्याकडं घरं तशीच, दगडाच्या भिंती आणि वर मातीचं माळवद, गुडघाभर जाडीचं. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार. तिकडं तेच माळवद झोपलेल्या माणसांवर आलं होतं. मग आमच्या गावानं बाजा बाहेर काढल्या. कुणी लिंबाखाली, कुणी बैलगाडीखाली, कुणी ताडपत्री बांधून. घरात फक्त भांडी आणि उंदीर.

आमच्या शेजारी केरबा. शेरडं राखतो, जीभ धारेची. त्याचं पोरगं सरांच्या वर्गात. दुसऱ्या दिवशी सर दिसले तसा तो म्हणाला, "काय सर, निवांत झोपू का आज?"

 शाळा भरली तेव्हा सर मैदानात सगळ्या पोरांसमोर उभे राहिले, मी शेरडं घेऊन तिथूनच चाललो होतो. म्हणाले, "मी तुम्हाला भूकंपाचं चुकीचं शिकवलं. पुस्तकात होतं म्हणून शिकवलं, पण मला ठाऊक असल्यासारखं शिकवलं. ते माझं चुकलं." एवढंच, आणि वर्गात गेले. त्या दिवसापासून एक फरक पडला. आधी सर कशालाही उत्तर द्यायचे. आता दर दोन प्रश्नांमागं एकाला "माहीत नाही" म्हणायला लागले. गावाला ते आवडलं नाही. माहीत नाही म्हणणारा मास्तर काय कामाचा? मलाही तसंच वाटायचं.

थंडी पडली. मार्गशीर्षातल्या एका सकाळी केरबा बोंबलत आला, "मारुतीच्या मागं जमिनीतून धूर येऊन राहिला!"

गेलो. खरंच. देवळामागं आमच्या भावकीची पडीक जागा, उकिरड्याच्या कडेला. तिथं जमिनीला हातभर भेग, आणि तिच्यातून पांढरी वाफ, चुलीवरच्या हंड्यासारखी. थोड्या वेळात सगळं गाव गोळा. कुणी नारळ फोडला. कुणी म्हणालं ज्वालामुखी. तो शब्द निघाला आणि मग कुणाला दुसरा शब्द सुचेना. बायका पोरं उचलून घराकडं पळाल्या. गाड्या जुंपायला लागल्या. जवारी पोटऱ्यात, हरभऱ्याला घाटे, आणि गाव सगळं टाकून औंढ्याकडं निघायच्या बेतात.

सर आले. भेगेजवळ जाऊन उकिडवे बसले. म्हणाले, "हा ज्वालामुखी नाही."

केरबा पुढं झाला. "भूकंप बी न्हाई म्हणला व्हता तुमी."

"हो. म्हणालो होतो."

"आन् माझ्या पोरानं सांगितलंय मला तुमच्या पिठल्याचं. घट्ट असलं की वाफ कोंडती आन् मंग फुटतं. आता वाफ निघून राहिली. म्हंजे फुटायला आलं!"

लोक "व्हय व्हय" करायला लागले. त्यांचंच पिठलं त्यांच्यावर उडालं. सर म्हणाले, "केरबा, कोंडलेली वाफ फुटते. ही तर निघून चालली."

"ते आमाला काय सांगता? तुमच्या बोलण्यावर इथं कोन ऱ्हाईल?"

यावर सरांनी वाद घातला नाही. सदऱ्याची बाही वर केली आणि हात वाफेत धरला. बायका ओरडल्या. हात तसाच. "कोमट आहे," म्हणाले. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुमच्या नाकावर ठेवा. ज्वालामुखीच्या वाफेला काडी ओढल्यावर येतो तसा गंधकाचा वास येतो. एकेकानं या, वास घ्या आणि काय वास येतो ते सांगा. मग गाड्या हाका."

कुणी पुढं होईना. मग मी झालो. भीती होती, पण केरबासमोर मागं राहणं मला जमणारं नव्हतं. नाकात आंबूस, कुबट वास गेला. गंधक नव्हता, पण काय होता ते सांगता येईना. माझ्या मागून दोघं-तिघं आले. कुणी म्हणे दारू, कुणी म्हणे गोठा. मग माझी चुलती गंगाकाकू काठी टेकत आली. वाकली, वास घेतला, पुन्हा घेतला. मग सरळ उभी राहिली.

"ही तर जवारी हाय. आंबलेली."

"जमिनीत जवारी कुठून येईल काकू?" सरांनी विचारलं.

"पेव हाय इथं. कुणाचं तरी पेव हाय."

पेव म्हणजे जमिनीत खोल खड्डा घेऊन, आत कडबा लावून धान्य भरतात आणि तोंडावर शिळा ठेवून मातीनं लिंपतात. आमच्या बापजाद्यांची कोठारं ती. सरांनी ते कधी पाहिलं नव्हतं. ते काकूला पोरासारखे प्रश्न विचारायला लागले. आणि मग काकूचा चेहरा बदलला. जागा भावकीची. लेव्हीच्या साली सरकार जवारी उचलून नेत होतं तेव्हा माझा चुलता दाजीबा ह्याच उकिरड्यावर रोज काहीतरी करायचा. त्याच पावसाळ्यात त्याला पान लागलं, म्हणजे साप चावला, आणि तो गेला.

शिळा सरकवली. लगेच आत उतरू नये हे आमच्यात सगळ्यांना माहीत, कोंडलेल्या पेवात माणूस मरतो. कंदील सोडला, तो विझला. ऊन वर येईपर्यंत तोंड उघडं ठेवलं. आत काळी पडलेली, चिकट, वाफाळती जवारी. भूकंपात शिळा तडकली होती, परतीच्या पावसाचं पाणी आत गेलं होतं आणि धान्य तापलं होतं.

गंगाकाकूनं हात घालून मूठभर काढली. "मेल्या दाजीबा! मला म्हणला लेव्हीत गेली. रेशनची लाल मिलो जवारी खाऊ घातली मला, लेकरांना, आन् पांढरी जवारी हितं निजवली! सांगून तरी मरायचं व्हतं!"

गाव इतकं हसलं, इतकं हसलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा. काकू बी हसली, मग त्या शिळेवर बसून राहिली, मूठ न उघडता. सर तिच्या शेजारी बसले. ते दोघं काय बोलले ते मी ऐकलं नाही.

गाड्या सोडल्या. आणि आता गाव उलटं फिरलं. दुपारपर्यंत मास्तर खोटा होता, दिवस कलायच्या आत मास्तर देव झाला. मारुतीच्या पारावर सरांना बसवलं, फेटा बांधला, नारळ हातात दिला. मग केरबा बोलायला उभा राहिला. सकाळचा केरबा नव्हता तो. त्याची लेक बाळंतपणाला आलेली, ताडपत्रीखाली बाळंत झालेली, आणि लेकराची छाती थंडीनं भरलेली. शिरडच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, लेकरू ऊबेत ठेवा, न्हाई तर सांगता येत न्हाई.

"सर, माझं तोंड वंगाळ. सकाळचं इसरा. तुमी आता एकच सांगा. भूकंप पुन्ना येणार न्हाई, असं म्हणा. मी आत्ताच्या आत्ता लेकराला घरात नेतो. तुमच्या शब्दावर नेतो."

 सगळ्यांनाच ते ऐकायचं होतं. मलाही.

सरांनी नारळ बाजूला ठेवला. "ज्वालामुखी येणार नाही, हे सांगतो. भूकंपाचं मला माहीत नाही."

"म्हणा की सर. तुमचं काय जातं?" हे मीच बोललो.

"माझं काही जात नाही, नामदेवराव. म्हणूनच म्हणत नाही."

केरबा म्हणाला, "मंग लेकराचं काय करू? आत नेलं तर माळवद, बाहेर ठेवलं तर थंडी. तुमी शिकलेले, सांगा ना."

"माहीत नाही," सर म्हणाले. फेटा काढला, घडी केली, पारावर ठेवला आणि माणसांतून वाट काढत निघून गेले. मागून कुणीतरी म्हणालं, "दगड चाटून चाटून दगडच झालाय." कुणी हसलं नाही.

सर पुढं तेरा वर्षं आमच्या खोलीत राहिले. हिंगोली जिल्हा झालेला त्यांनी बघितला. दोन हजार सहाला निवृत्त झाले आणि नांदेडला गेले, दगडांची तीन पोती घेऊन. ती टेम्पोत चढवायला केरबाचा नातू होता. निरोप समारंभात लोक पिठल्याचं बोलले, पेवाचं बोलले. मला विचारलं तर मी त्या पाराच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ सांगीन.

त्या सकाळी शेरडांचं दूध काढून राहिलो होतो, तर माझ्या घरावरून माती पडायला लागली. वर बघतो तर सर. माझ्या पुढच्या खोलीच्या माळवदावर, पांढरा सदरा मातीनं तांबडा, हातात माझंच खोरं. न विचारता घेतलेलं. त्यांची वळकटी न् पेटी खाली लिंबाच्या झाडाखाली नीट लावून ठेवलेली.

"सर, काय करून राहिले? माझ्या आज्यानं घातलेलं माळवद हाय ते!"

"हो. फार घातलंय."

"उतरा खाली!"

"केरबाला निरोप धाडा, नामदेवराव. ही माती सगळी काढतो. वर तुराट्या घालू, त्यावर ताडपत्री. पडल्या तरी लेकराला लागायच्या नाहीत, आणि चार भिंतींत वारा यायचा नाही. सांजेपर्यंत खोली होईल."

"आन् तुमी कुठं राहता?"

त्यांनी खोऱ्यानं लिंबाकडं दाखवलं. मग टोपलं भरलं, उचलून कडेला आणलं, खाली कुणी नाही ना ते वाकून बघितलं, माती ओतली आणि पुन्हा मागं वळून खणायला लागले.